गुंतवणुकीच्या फ्लॅटची जोखीम कशी मोजायची: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

‘दुसरा फ्लॅट घेऊ का पैसे फंडात टाकू’ या प्रश्नाची कोष्टके ओळखीतली मंडळी मला तपासायला पाठवतात. कोणी कासारवडवलीचा टू बीएचके धरलेला असतो, कोणी उलव्याचा वन बीएचके. आकडे वेगळे, चुका त्याच. एका रकान्यात शेअर बाजाराची सगळ्यात वाईट घसरण, दुसऱ्यात शेजारच्या काकांनी सांगितलेला फ्लॅटचा भाव. मग उत्तर ठरलेलेच: बाजारात धोका, जागेत नाही.

फ्लॅटचा भाव हलत नाही असे वाटते, कारण तो रोज कोणी फळ्यावर लिहीत नाही. हलतो तोही, पण कळते ते विकायला काढल्यावर. खालच्या पायऱ्यांनी फ्लॅट आणि बाकीच्या गुंतवणुका एकाच मापाने मोजता येतील. क्रम पाळा. बहुतेक जण थेट पाचव्या पायरीवर उडी मारतात आणि पहिल्या चार पायऱ्यांचे आकडे अंदाजाने भरतात, तिथेच सगळे बिघडते.

राहायच्या पहिल्या घराला मात्र हा हिशेब लावू नका. दर अकरा महिन्यांनी सामान बांधावे लागत नाही, मुलांची शाळा बदलत नाही, भिंतीला खिळा ठोकायला कोणाला विचारावे लागत नाही. त्याचे मोल कोष्टकात मावत नाही आणि मावू देऊही नये.

## तयारी: आधी हे हाताशी ठेवा

एकच इमारत निवडा. ‘ठाण्यात फ्लॅट’ असा काही प्रकार नसतो; अमुक इमारतीतला अमुक मजल्यावरचा फ्लॅट असतो. त्या इमारतीचे महसुली गाव आणि सर्व्हे नंबर शोधून ठेवा. जाहिरातीत सरसकट ‘घोडबंदर रोड’ लिहितात, पण नोंदणीच्या कागदात कावेसर, ओवळे, कोलशेत, भाईंदरपाडा, कासारवडवली अशी गावे असतात. नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट नंबर लागतो. खारघर, कामोठे, उलवे बघत असाल तर शोधताना जिल्हा रायगड आणि तालुका पनवेल निवडा. वाशी-नेरुळ ठाणे जिल्ह्यात आहेत म्हणून खारघरही तिथेच शोधणारे बरेच आहेत, आणि ‘नोंदच सापडत नाही’ म्हणून सोडून देणारेही.

त्याच इमारतीतल्या कोणाचे तरी ताजे मेंटेनन्स बिल आणि मालमत्ता कराची पावती मिळवा. ब्रोकरने तोंडी सांगितलेला मेंटेनन्स लिहू नका. शेवटचे, स्वतःचे आकडे: हातात किती रोख, पगारातून महिन्याला किती सुटतात, आणि घरात आजारपण आले तर हात न लावता ठेवलेली रक्कम किती.

## पायरी १: क्षेत्रफळ एका मापात आणा

‘२०१४ ला आठ हजार भाव होता, आज सोळा हजार आहे, दुप्पट झाला की!’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेलच. यातली गोम पाहा.

रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि विक्री कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर, करणे बंधनकारक झाले. त्याआधी बाजारातला भाव बहुधा सुपर बिल्ट-अपवर सांगत. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस यांचा वाटा त्यातच मिसळलेला असे.

समजा १,००० चौरस फूट सुपर बिल्ट-अपचा फ्लॅट ८,००० भावाने ८० लाखांना घेतला होता. प्रत्यक्ष कार्पेट निघते ६४०. म्हणजे तेव्हाचा कार्पेटचा भाव ८,००० नव्हे, १२,५०० होता. आज १६,००० ने त्याचे १ कोटी २ लाख होतात. एवढ्या वर्षांतली वाढ २८ टक्के, म्हणजे वर्षाला दोन-अडीच टक्के. दुप्पट वगैरे काही नाही.

तपासा: जुना करारनामा असेल तर त्यातला क्षेत्रफळाचा परिच्छेद वाचा. ‘बिल्ट-अप’ लिहिले असेल तर फ्लॅट टेपने मोजून घ्या. भिंतींच्या आतले माप धरा.

## पायरी २: मागणीचा नव्हे, झालेल्या व्यवहाराचा भाव शोधा

संकेतस्थळावरचा भाव ही विकणाऱ्याची इच्छा असते. व्यवहाराचा भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये सापडतो. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येक दस्ताचा सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, उघडा. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख असते. ‘मोबदला’ हा व्यवहाराचा आकडा. ‘बाजारभाव’ म्हणजे रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, येणारी किंमत. दोन्हींत गल्लत करू नका.

निवडलेल्या इमारतीचे, कमी पडले तर शेजारच्या दोन इमारतींचेही, गेल्या तीन-चार वर्षांतले किमान दहा-बारा दस्त काढा. प्रत्येकाचा कार्पेटचा भाव लिहा. मग एकाच वर्षातला सर्वात जास्त आणि सर्वात कमी भाव पाहा.

या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे तुमच्या फ्लॅटची अस्थिरता. एकाच इमारतीत, एकाच वर्षात, मजला, दिशा, पार्किंग आणि विकणाऱ्याची घाई यांमुळे भाव बराच इकडेतिकडे झालेला दिसेल. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांक इतका संथ दिसतो, कारण ती शेकडो व्यवहारांची सरासरी असते. तुम्ही सरासरी विकत घेत नाही, चौथ्या मजल्यावरचा पश्चिमेकडचा एकच फ्लॅट घेता. निफ्टीच्या इंडेक्स फंडाचे नेमके उलट असते. तिथे भाव रोज उड्या मारतो, पण एका युनिटमागे पन्नास कंपन्या असतात.

सावधान: नोंदलेला आकडाही डोळे झाकून घेऊ नका. पुनर्विक्रीत काही रक्कम रोखीने गेली असेल तर मोबदला कमी दिसतो. नव्या इमारतीत उलटे. ‘मुद्रांक शुल्क आमच्याकडून’, ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’, ‘मॉड्युलर किचन मोफत’ या सगळ्याची किंमत आधीच भावात मिसळलेली असते. तोच फ्लॅट दोन वर्षांनी तुम्ही विकाल तेव्हा हे काहीच देऊ शकणार नाही. म्हणून बिल्डरच्या दराशी नव्हे, त्याच भागातल्या पुनर्विक्रीच्या दराशी तुलना करा.

## पायरी ३: दारात पाऊल टाकेपर्यंतचा पूर्ण खर्च लिहा

इथून पुढे एकच उदाहरण घेऊ. ठाणे महापालिका हद्दीतला, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेला, करारात १ कोटीचा फ्लॅट. आकडे समजुतीसाठी आहेत; तुमचे तुम्ही भरा.

- करारातली किंमत: १०० लाख
- मुद्रांक शुल्क ७ टक्के: ७ लाख (निवासी फ्लॅट फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत)
- नोंदणी शुल्क: ३०,०००
- ब्रोकर १ टक्का: १ लाख
- वकील, बँकेचे शुल्क, सोसायटीचे हस्तांतरण: ७०,०००
- भाडेकरू येण्यापुरते पंखे, ग्रिल, किचन ट्रॉली, कपाटे: ४ लाख

बेरीज ११३ लाख. तुमची गुंतवणूक ही, १०० लाख नव्हे. पुढचा प्रत्येक टक्का ११३ वर काढायचा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर वर जीएसटी: साधारण ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणारा, म्हणजे ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का. ओसीनंतरच्या विक्रीवर जीएसटी नाही. पुनर्विक्रीत सोसायटीचे हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ या गोड नावाखाली जास्त मागतात, ते वेगळे.

नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर सिडकोचे हस्तांतरण शुल्क आणि ना-हरकत दाखला धरा. ते शुल्क कोण भरणार, हे टोकनच्या आधी लिहून घ्या.

## पायरी ४: हातात उरणारे भाडे काढा

ब्रोकरचा हिशेब सोपा: महिना २७,००० गुणिले बारा, ३ लाख २४ हजार, एक कोटीवर सव्वातीन टक्के.

आता खरा हिशेब. वर्षातला एक महिना रिकामा धरा, कारण भाडेकरू बदलताना रंग, साफसफाई आणि नवे माणूस शोधणे यात तो जातोच. अकरा महिन्यांचे २ लाख ९७ हजार. त्यातून मेंटेनन्स ४,५०० प्रमाणे ५४,०००, मालमत्ता कर १२,०००, दुरुस्ती आणि रंगाची वार्षिक सरासरी २०,०००, भाड्याची दलाली आणि करारनाम्याचा खर्च ११,०००. एकूण ९७,००० वजा. उरले बरोबर दोन लाख. ११३ लाखांवर ते होतात १.७७ टक्के. आयकर अजून काढलेला नाही.

माझ्या स्वतःच्या पहिल्या कोष्टकात मेंटेनन्सचा रकानाच नव्हता. भाडेकरू भरेल असे गृहीत धरले होते. ठाण्यात काय आणि नेरुळला काय, भाडे ठरते ते मेंटेनन्स धरूनच, हे पहिल्या बिलाला कळले.

फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. बिलात मालमत्ता करावरही लावले असेल तर हरकत घ्या. आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवाच. नुसता नोटरी केलेला करार वाद झाला की तुमच्याच अंगावर येतो, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे.

तपासा: निव्वळ भाडे तीन टक्क्यांच्या वर दिसत असेल तर आनंद होण्याआधी कारण शोधा. घणसोली, कोपरखैरणे भागातल्या गावठाणातल्या इमारतींत हा टक्का चांगला दिसतो. भाडे बाजारभावाने मिळते, पण फ्लॅट स्वस्तात मिळालेला असतो. स्वस्त का? परवानग्या नाहीत, बँक कर्ज देत नाही, विकताना रोख देणाराच शोधावा लागतो. जादा भाडे हा त्या जोखमीचा मोबदला आहे.

## पायरी ५: आता तुलना, पण दोन्ही बाजूंना उत्पन्न धरून

नेहमीची चूक म्हणजे फ्लॅटचे भाडे मोजायचे आणि शेअरचा लाभांश विसरायचा, किंवा नेमके उलटे. निफ्टीशी तुलना करायची तर साधा निफ्टी नव्हे, लाभांश पुन्हा गुंतवलेला ‘टोटल रिटर्न’ निर्देशांक घ्या. एनएसईच्या निर्देशांकांच्या संकेतस्थळावर त्याची जुनी आकडेवारी मिळते.

दहा वर्षांचा काळ धरू. आपले ११३ लाख ७ टक्के दराने मुदत ठेवीत ठेवले, व्याज गुंतवत गेलो, तर दहा वर्षांनी २२२ लाख होतात. फ्लॅटचे भाडे दरवर्षी ५ टक्के वाढले आणि तेही ७ टक्क्यांनी गुंतवत गेलो, तर त्याचे सुमारे ३४ लाख जमतात. उरलेले १८८ लाख फ्लॅट विकून हातात यायला हवेत. विक्रीची एक टक्का दलाली धरली की फ्लॅट १ कोटी ९० लाखांना विकला गेला पाहिजे. म्हणजे भाव वर्षाला ६.६५ टक्के वाढला तर कुठे तुम्ही बँकेच्या ठेवीशी बरोबरी केली, तीही करांच्या आधी.

पायरी २ मधले तुमचे इंडेक्स टूचे आकडे आता समोर घ्या. त्या इमारतीने खरोखर वर्षाला किती दिले? भाव ४ टक्क्यांनी वाढला तर भाड्यासकट परतावा ४.८ टक्क्यांच्या आसपास येतो. ८ टक्क्यांनी वाढला तर ८.१५. तिन्ही आकडे शेजारी लिहा. एकच लिहिलात तर मन नेमका तोच निवडते जो आधीपासून हवा असतो.

कर शेवटी धरा. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेला फ्लॅट दोन वर्षांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, महागाईची वजावट मिळत नाही. त्याआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी २० टक्के आणि महागाई वजावट हा पर्यायही आहे. दोन्ही काढून कमी तो भरायचा. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरही १२.५ टक्केच, वर्षाचे पहिले सव्वा लाख सोडून. ठेवीच्या व्याजावर तुमच्या स्लॅबप्रमाणे, भाड्यावरही तसेच, पण महापालिकेचा कर आणि ३० टक्के सरसकट वजावट सोडून.

रीट, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींची मालकी युनिटांत विकणारा ट्रस्ट, हाही एक रकाना ठेवा. ऐरोलीतून जाताना रेल्वेलगत दिसणाऱ्या काचेच्या ऑफिस पार्कचे मालक असलेले माइंडस्पेस रीट ऑगस्ट २०२० पासून शेअर बाजारात आहे. रीटला वाटण्याजोग्या रोखीतला किमान ९० टक्के वाटा युनिटधारकांना द्यावाच लागतो, आणि युनिट एकेकटेही विकता येते. तुमचा फ्लॅट आणि हे युनिट, दोन्हींच्या मागे विटा-सिमेंट आणि भाडेकरूच आहेत. तरी रीटचा भाव रोज हलताना दिसतो. हलण्याचे सगळे कारण मालमत्तेत नसते, काही भाग भाव रोज लिहिला जाण्यातच असतो. ऑफिस आणि घर यांचे चक्र वेगळे असते हे खरे, त्यामुळे रीट हा फ्लॅटचा पर्याय म्हणून नव्हे, मोजपट्टी म्हणून वापरा.

सावधान: मुदत ठेव ‘शून्य जोखीम’ लिहू नका. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून छोट्या बँकेत ४० लाख ठेवणे हीही जोखीमच.

## पायरी ६: कर्जाचा ताण लावून बघा

आतापर्यंत पूर्ण रक्कम स्वतःची धरली. आता बँकेचे ७५ लाख घ्या आणि स्वतःचे ३८ लाख.

वर्षभरात नोकरी गेली किंवा घरात मोठा खर्च निघाला, आणि फ्लॅट विकायचा ठरला. बाजार फार पडलेला नाही, फक्त १० टक्के. ९० लाखांना गिऱ्हाईक मिळाले. कर्ज अजून जवळपास ७५ लाखच, कारण सुरुवातीचे हप्ते व्याजातच जातात. दलाली ९०,०००. हातात १४ लाख १० हजार. तुमच्या ३८ लाखांतले ६३ टक्के गेले, आणि मधले हप्ते वेगळे.

जानेवारी २००८ मधल्या २०,८७३ वरून सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत आला, ती घसरण ६१ टक्क्यांची. आजही लोक तिचे नाव काढून शेअरपासून लांब राहतात. तेवढाच फटका फ्लॅटमध्ये दहा टक्क्यांनी बसतो, कारण कर्ज आणि मुद्रांक शुल्क आपल्या खिशावरच पडते. फंड उधारीने घेतलेला नसेल तर निदान थांबता येते. फ्लॅटमध्ये थांबायचे तर दर महिन्याला हप्ता भरत थांबावे लागते.

तो हप्ता किती? ७५ लाख, २० वर्षे, ८.५ टक्के: महिना ६५,०८७ रुपये. निव्वळ भाडे महिना १६,६६७. म्हणजे दरमहा ४८,००० च्या वर खिशातून. आता दर अडीच टक्क्यांनी वाढवून बघा, कारण एवढी वाढ आपण पाहिलेली आहे: रेपो दर एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५. अकरा टक्क्यांनी हप्ता ७७,४१४ होतो. बँका बऱ्याचदा हप्ता न वाढवता मुदत वाढवतात, म्हणून कोणाला कळत नाही. पन्नाशीतल्या माणसाचे कर्ज मग सत्तरीपर्यंत जाते.

तीन ताण एकत्र लावा: दर अडीच टक्के वर, सहा महिने भाडेकरू नाही, भाव पाच वर्षे जागच्या जागी. एवढ्यातही मुलांची फी आणि विम्याचा हप्ता सुटत असेल तर पुढे जा. नसेल तर कर्ज कमी करा किंवा फ्लॅट छोटा घ्या. इथे ‘बघू तेव्हाचे तेव्हा’ चालत नाही.

## पायरी ७: टक्केवारीत न बसणारी जोखीम, कागदावर तपासा

शेअर घेताना कंपनी खरी आहे का हे तुम्हाला शोधावे लागत नाही. इमारत खरी आहे का, हे शोधावे लागते.

महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) क्रमांक आहे म्हणजे सगळे ठीक, ही समजूत आधी काढून टाका. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींवर कारवाईचे आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. राहणाऱ्यांनी कर्जे काढून घरे घेतली होती. नवी मुंबईत दिघ्यातल्या बेकायदा ठरलेल्या इमारतींचे २०१५ पासूनच्या पाडकामात काय झाले हे तिथल्या कोणालाही विचारा. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि ओसी यांच्या प्रती घेऊन त्यांचे क्रमांक स्वतः त्या त्या प्राधिकरणाकडे जुळवा. ठाण्यात महापालिकेचा शहर विकास विभाग, वाशी-नेरुळ पट्ट्यात नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठ्याकडे हद्दीप्रमाणे पनवेल महापालिका किंवा सिडको, नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या अधिसूचित पट्ट्यात) सिडको.

पुढचा क्रम असा: जमिनीचा मालकी हक्क आणि बोजा (वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध), मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांचे, ओसी, सोसायटीची नोंदणी, जमिनीचे हस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स झाले का, आधीच्या प्रत्येक विक्रीचा मूळ करार. साखळीतला एक जुना करार गहाळ असेल तर बँक कर्ज नाकारते आणि उद्या तुमचे गिऱ्हाईकही. आज तो फ्लॅट थोडा स्वस्त मिळेल. विकताना तुम्हालाही तो तेवढाच, किंवा त्याहून जास्त, स्वस्त द्यावा लागेल.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला उशिराची जोखीम वेगळी. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क आहे. पण महारेराचा आदेश आणि खात्यात आलेले पैसे यांच्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या वसुलीचा टप्पा असतो, आणि तो भराभर सरकत नाही. माझी एक बुकिंग तीन वर्षे लांबली. व्याजाच्या हक्काचे वाक्य करारात होते, हप्ता मात्र खात्यातून जात होता.

सावधान: ‘मेट्रो आली की दुप्पट’ हा मुद्दा कोष्टकात घेऊच नका. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले, गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, विमाने उडाली २५ डिसेंबर २०२५ पासून. घोषणेच्या दिवशीच भावात भर पडते आणि गाडी यायला बारा वर्षे लागतात. मधला काळ तुमच्या पैशाचा असतो.

## पायरी ८: बाहेर पडायला किती दिवस

सोसायटीच्या सचिवांना विचारा: गेल्या दोन वर्षांत किती फ्लॅट हस्तांतरित झाले, आणि सध्या किती विक्रीला आहेत. १२० फ्लॅटच्या सोसायटीत वर्षाला तीनच विकले जात असतील आणि आठ विक्रीला असतील, तर रांग केवढी आहे ते कळले. शेजारी बिल्डरचा नवा टॉवर उभा राहत असेल तर तो तुमचा स्पर्धक, तोही बाल्कनीतून स्विमिंग पूल दाखवणारा.

गिऱ्हाईक मिळाल्यावरही बँकेकडून बोजा उतरवणे, सोसायटीचा ना-हरकत, नवी मुंबईत सिडकोचा ना-हरकत, समोरच्याचे कर्ज मंजूर होणे, ५० लाख किंवा जास्तीच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस, मग नोंदणी. फंडाचे पैसे दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यात येतात आणि हवे तेवढेच काढता येतात. फ्लॅटची एक खोली विकून कोणाला शस्त्रक्रियेचे बिल भरता आलेले नाही.

कोष्टकात एक ओळ घाला: ‘पंधरा दिवसांत विकायचा झाला तर किती?’ पायरी २ मधला सर्वात कमी भाव घ्या आणि त्यातून आणखी पाच टक्के उतरवा.

## पायरी ९: एकूण पैशातला वाटा, आणि मग टोकन

राहते घर, गावची जमीन आणि हा नवा फ्लॅट, तिन्ही मिळवून एकूण संपत्तीच्या किती टक्के होतात? आपल्याकडे बहुतेकांचा आकडा ऐंशीच्या पुढे जातो. त्यात राहते घर आणि गुंतवणुकीचा फ्लॅट दोन्ही घोडबंदरलाच असतील तर ती एकच पैज दोनदा लावली. माझी स्वतःची मर्यादा अशी: वर्षभराचा घरखर्च आणि वर्षभराचे हप्ते बँकेत वेगळे राहिल्याशिवाय, आणि फंड-ठेवी मिळून संपत्तीचा तिसरा हिस्सा झाल्याशिवाय दुसरा फ्लॅट नाही.

एवढे करून उत्तर ‘घ्यावा’ असे आले तर टोकन द्या, पण चेकने किंवा खात्यातून, आणि पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: कार्पेट क्षेत्र, एकूण किंमत कशासकट, सिडको किंवा सोसायटीचे शुल्क कोणाकडे, आणि मालकी हक्कात दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झाले तर टोकन किती दिवसांत परत. शेवटचा मुद्दा लिहायला समोरचा तयार नसेल, तर चेकबुक परत बॅगेत ठेवा आणि पायरी २ पासून दुसरी इमारत घ्या.